एसटीपीतले फेरिक क्लोराइड अंदाजाने ओतू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांमधून एक तक्रार हमखास येते. फ्लशला येणारे पाणी पिवळट, कमोडला तपकिरी ओघळ, बागेतल्या फरशीवर गंजाचे डाग. मग सभेत दोन तट पडतात. अर्धे म्हणतात ते केमिकल बंद करा, उरलेले म्हणतात ऑपरेटर बदला. ते केमिकल म्हणजे फेरिक क्लोराइड; सोसायटीचे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला देणाऱ्या एसटीपीत (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात) ते घालतात. आम्ही सांडपाणी प्रक्रियेच्या कामातले इंजिनीअर आणि केमिस्ट आहोत. आमच्या मते बहुतेक ठिकाणी दुखणे साधे असते: डोस कुणी मोजलेलाच नसतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. शक्य झाल्यास पत्र पूर्ण छापावे.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण परवानगी लागते आणि तिच्या अटींत एसटीपी असतोच. त्यामुळे बाणेर-वाकडपासून वाघोलीपर्यंत प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या तळघरात एक छोटा रासायनिक कारखाना उभा आहे, आणि तो चालवण्याची जबाबदारी ज्यांनी आयुष्यात कधी पीएच मोजला नाही अशा कमिटीवर आली आहे.

फेरिक क्लोराइड हा लोखंडाचा क्षार. भंगार लोखंडावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्लोरीन यांची क्रिया करून तो बनवतात. पोलादाचा पत्रा आम्लात धुतल्यावर उरणाऱ्या द्रावणापासूनही बनतो. निर्जल रूप काळपट असते आणि हवेतला ओलावा ओढून स्वतःच पाझरू लागते. पाण्याचे सहा रेणू धरलेले रूप म्हणजे पिवळट-तपकिरी ढेकळे. एसटीपीवर येते ते साधारण 40 टक्क्यांचे गडद तपकिरी द्रावण, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. बारावीच्या प्रॅक्टिकलला फिनॉलमध्ये थेंबभर टाकून जांभळा रंग आणतात, तेच हे.

पाण्यात पडल्यावर ते काय करते हे कळले तर पुढचे सगळे सोपे जाते. लोहाचा धनभारित आयन सांडपाण्यातल्या ऋणभारित बारीक कणांचा भार मारतो आणि त्याच वेळी स्वतः फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी, चिकट गोळा बनतो. बारीक कण त्या गोळ्यात अडकून तळाशी बसतात. फॉस्फेटही लोहाशी बांधले जाऊन गाळात जाते. सांडपाणी आधी साठते त्या कलेक्शन टँकमधल्या सडक्या अंड्यासारख्या वासाचे सल्फाइडही बांधले जाते, आणि त्यापासून काळा आयर्न सल्फाइड होतो. म्हणून गाळ काळा दिसला की लगेच प्लांट सडला असे समजू नये.

मात्र ही क्रिया फुकट होत नाही. फेरिक क्लोराइडचा प्रत्येक मिलिग्रॅम पाण्यातली सुमारे 0.92 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाऊन टाकतो. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती असेतो पीएच सावरलेला राहतो, संपली की कोसळतो. पुण्याची खरी गोम इथे आहे. धरणातून येणारे महापालिकेचे पाणी मऊ असते, त्यात अल्कलिनिटी कमी. बोअरचे आणि टँकरचे पाणी जड, त्यात जास्त. जानेवारीत महापालिकेच्या पाण्यावर आणि एप्रिलमध्ये टँकरवर चालणाऱ्या सोसायटीच्या सांडपाण्याचा स्वभावच बदलतो, पण डोसिंग पंपाची खुंटी वर्षभर एकाच आकड्यावर. उन्हाळ्यात पाणी गढूळ दिसते म्हणून वाढवलेला डोस जुलैत तसाच राहतो, आणि पावसाळ्याच्या मऊ पाण्यात तोच डोस पीएच पाडतो.

आता कॅन ओतण्याचा हिशेब पाहा. 50 किलोच्या कॅनमध्ये 40 टक्के, म्हणजे 20 किलो फेरिक क्लोराइड. 'आज पाणी फार खराब आहे' म्हणून ऑपरेटरने तो 100 घनमीटरच्या एरेशन टँकमध्ये (जिवाणूंसाठी हवा सोडतात ती टाकी) एकदम रिकामा केला, तर डोस झाला लिटरला 200 मिलिग्रॅम. त्याने लिटरमागे 185 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाल्ली. मऊ पाण्याच्या सांडपाण्यात मुळात एवढी नसते. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनीही तिच्यातली बरीच आधीच वापरलेली असते, कारण त्यांना प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे 7.14 मिलिग्रॅम लागते. पीएच 6 च्या खाली जातो, हे जिवाणू काम थांबवतात, आणि प्रक्रिया झालेल्या पाण्यात अमोनिया तसाच राहतो. त्यावर उपाय म्हणून पुन्हा फेरिक! फेरिक अमोनियाला हातसुद्धा लावत नाही. विरघळलेली साखर, साबणाचा फेस, मूत्रातला अमोनिया यांतले काहीच त्याने नीट निघत नाही. ते काम हवेचे आणि जिवाणूंचे. एरेशन टँकमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास नसेल तर आधी हवा फुंकणारा ब्लोअर आणि ती पाण्यात सोडणारे डिफ्युझर पाहावेत. काचेच्या बाटलीत नमुना चकचकीत दिसतो आणि लॅबच्या रिपोर्टात बीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) मात्र तसाच, याचे कारण बहुधा हेच.

असा अपघात झालाच तर सुधारायला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, औद्योगिक प्रतीचा आणावा. 100 घनमीटर पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम अल्कलिनिटी परत आणायला सुमारे 17 किलो लागतो. तो बादलीत विरघळवून दिवसभरात तीन-चार हप्त्यांत द्यावा. चुना स्वस्त पडतो, पण घाईत जास्त पडला तर पीएच 10 च्या वर उडतो आणि उरलेसुरले जिवाणूही जातात. बायकार्बोनेटने पीएच 8.3 च्या पुढे सहसा जात नाही. इतके करूनही नायट्रेट करणारे जिवाणू पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्या काळात धीर धरावा, डोस वाढवू नये.

डोस ठरवायला जार टेस्ट करावी, म्हणजे बरण्यांत वेगवेगळे डोस घालून पाहावेत. तिला मोठे यंत्र लागतेच असे नाही. एक लिटरच्या सहा पारदर्शक बरण्या, एक सिरिंज, पीएच पेन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. 40 टक्क्यांचे 25 ग्रॅम द्रावण (सुमारे 18 मिलिलिटर) पाण्यात घालून एकूण एक लिटर करावे. हे झाले 1 टक्क्याचे द्रावण. त्याचा 1 मिलिलिटर एका लिटर पाण्यात घातला की डोस बरोबर 10 मिलिग्रॅम. ते त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी वापरावे. पातळ फेरिक ठेवून दिले की त्यात स्वतःच तपकिरी साका येतो आणि ताकद जाते; आठवड्यापूर्वीच्या बाटलीने केलेली चाचणी चुकीचाच आकडा देणार.

पाणी घ्यायचे ते प्रत्यक्ष जिथे डोस पडतो तिथले. दुसऱ्या टाकीतले पाणी घेऊन केलेली टेस्ट म्हणजे शेजाऱ्याचा ताप मोजून स्वतः गोळी घेणे. सहा बरण्यांत 1 ते 6 मिलिलिटर घालावे, एक मिनिट जोरात ढवळावे, मग पंधरा मिनिटे अगदी सावकाश, आणि अर्धा तास हलवू नये. जोरात ढवळणे महत्त्वाचे, कारण कणांचा भार मारण्याची क्रिया काही सेकंदांत होते. सावकाश ढवळणे तितकेच महत्त्वाचे, कारण गोळे मोठे होण्याआधी फोडले की बसतच नाहीत. नंतर सगळ्यात नितळ बरणी निवडू नये, जिच्यात पाणी पुरेसे नितळले ती सगळ्यात कमी डोसची बरणी निवडावी. तिचा पीएच 6.5 च्या खाली नको आणि अल्कलिनिटी लिटरमागे किमान 50 ते 60 मिलिग्रॅम उरलेली हवी. अल्कलिनिटीचे थेंब मोजायचे किट मिळते, ते एसटीपीवर असायलाच हवे. एखाद्या बरणीत पाणी नितळ पण पिवळसर दिसले तर तो जास्त डोस: पीएच पडल्याने लोह गाळात न बसता विरघळलेलेच राहिले. हेच पाणी पुढे टाकीत पीएच चढल्यावर किंवा जंतू मारायला घातलेल्या हायपोशी गाठ पडल्यावर तपकिरी होते आणि कमोडला चिकटते. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोह राहिले की डाग पडू लागतात.

समजा टेस्टमध्ये 40 मिलिग्रॅम आले आणि प्लांट रोज 100 घनमीटरचा आहे. मग दिवसाला 4 किलो फेरिक क्लोराइड, म्हणजे 10 किलो द्रावण, म्हणजे साधारण 7 लिटर. डोसिंग टाकीत आधी 93 लिटर पाणी भरून त्यात हे 7 लिटर हळूहळू सोडावे आणि 20 तासांत ताशी 5 लिटरने द्यावे. ताशी 6 लिटरच्या नेहमीच्या डोसिंग पंपाला हे झेपते. पंपाच्या खुंटीवरच्या टक्केवारीवर विश्वास नको. मोजपात्रात नळी सोडून दहा मिनिटांत किती उपसले ते महिन्यातून एकदा पाहावे. व्हॉल्व्हच्या गोळीखाली साका बसला की पंप टकटक करतो आणि पाणी मात्र चढत नाही. दुसरी हमखास चूक वायरिंगमध्ये असते. फिल्टरला पाणी देणारा फीड पंप बंद पडला तरी डोसिंग पंप चालूच राहतो, पाइपात फेरिक साठते आणि पंप सुरू होताच पहिला लोंढा तपकिरी. दोन्ही पंपांचा इंटरलॉक, म्हणजे एक थांबला की दुसराही थांबेल अशी जोडणी, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देतो.

डोस कुठे द्यावा यावरही मतभेद असतात. एमबीबीआर प्लांटमध्ये (प्लॅस्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा) एरेशननंतर, गाळ बसवणाऱ्या ट्यूब सेटलरच्या आधी, जिथे पाणी खळाळते तिथे. टाकीच्या स्तब्ध कोपऱ्यात थेंब थेंब सोडलेले फेरिक तळाशी जाऊन बसते. एसबीआरमध्ये (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे आणि गाळ बसू देणे) हवा बंद होण्याच्या थोडे आधी. बारीक पडद्यातून (मेम्ब्रेन) पाणी गाळणाऱ्या एमबीआरवाल्यांनी फारच सांभाळून, कारण जादा लोह मेम्ब्रेनवर चढते. सँड फिल्टरच्या तोंडाशी मोठा डोस कधीच देऊ नये. फिल्टर काही तासांत चोंदतो, वाळूत चिखलाचे गोळे होतात आणि बॅकवॉशने, म्हणजे उलटे पाणी सोडून धुतल्यानेही, निघत नाहीत. शेवटी जंतू मारणारा यूव्हीचा (अतिनील) दिवा असेल तर उरलेले लोह क्वार्ट्झच्या नळीवर तपकिरी थर चढवते आणि दिवा जळत असूनही जंतू मरत नाहीत.

गाळाचाही हिशेब धरावा. दिवसाला 4 किलो फेरिकमागे 2.6 किलो कोरडा हायड्रॉक्साइड तयार होतो. गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून 20 टक्के घन भागाची वडी निघते असे धरले तर रोज 13 किलो जादा ओला गाळ, तोही सांडपाण्यातला गाळ सोडून. डोस दुप्पट केला तर हे ओझेही दुप्पट. 'तुरटी काय वाईट होती?' असे जुने सभासद विचारतात. वाईट नाही. तुरटीने डाग पडत नाहीत. पण तिचा पीएचचा पट्टा अरुंद, साधारण 6 ते 7.5, आणि गोळा हलका. फेरिकचा गोळा जड, लवकर बसतो आणि पीएच थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. सेटलर लहान बांधलेला असेल, आणि बिल्डरने तो बहुधा लहानच बांधलेला असतो, तर फेरिक बरे.

आता सुरक्षेबद्दल, आणि यातला एक मुद्दा खरोखर जिवाशी खेळणारा आहे. फेरिक आणि हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, यांचे कॅन बहुतेक एसटीपीत शेजारी शेजारी असतात, काढायचा मगही कधी एकच असतो, मापही एकच. फेरिकचे द्रावण चांगले आम्लधर्मी असते. ते हायपोत मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तळघरात तो जाणार कुठे? हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. फेरिक संपले म्हणून त्याच डोसिंग टाकीत हायपो भरणे, किंवा न धुतलेल्या मगाने दोन्ही काढणे, इतके पुरे होते. दोन्ही टाक्या खोलीच्या दोन टोकांना असाव्यात, दोन्हींचे मग आणि नळ्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात, टाक्यांवर मराठीत आणि हिंदीत ठळक नावे असावीत. वास आलाच तर काही ओतायला थांबू नये; सगळ्यांनी वर यावे आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

बाकीचे नियम साधे आहेत. स्टेनलेस स्टीलची भांडी, पंपाचे हेड, क्लॅम्प वापरू नयेत. स्टीलला फेरिक बारीक भोके पाडते. ॲल्युमिनियमची शिडीसुद्धा जवळ नको. पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन, एचडीपीई ही प्लॅस्टिके चालतात. टाकीखाली तिच्यापेक्षा मोठा ट्रे किंवा बांध हवा. इलेक्ट्रिक पॅनेल त्याच कोनाड्यात नको, आम्लाच्या वाफेने कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे सलग पाण्याखाली धरावे आणि दवाखाना गाठावा. सांडले तर प्रत्येक किलो द्रावणावर सुमारे 300 ग्रॅम विरवलेला चुना टाकून मग गोळा करावे. पाण्याने धुऊन गटारात लोटू नये.

खरेदीत फसवणूक कशी होते तेही कळू द्या. 40 टक्के द्रावणाची घनता 1.4 च्या थोडी वर असते. रिकामी बाटली तोलावी, तिच्यात मोजून एक लिटर भरावे, फरक 1.4 किलोच्या आसपास यायला हवा. 1.25 किलो आला तर पाणी घातलेले आहे. अर्थात स्वस्त फेरस क्लोराइड मिसळूनही वजन भरता येते, म्हणून मोठी खरेदी असेल तर लॅबमध्ये पोटॅशियम आयोडाइड घालून सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजून घ्यावे. फेरस अशा पाण्यात नीट गोळे करत नाही. पिकलिंगच्या (पत्रा आम्लात धुण्याच्या) टाकाऊ द्रावणापासून बनवलेल्या मालात इतर जड धातू असू शकतात, तेव्हा प्रत्येक लॉटचे विश्लेषणपत्र मागावे.

याच रसायनाचे दुसरे पुणेरी ठिकाण म्हणजे बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्स मालाची तपकीर गल्ली. इंजिनीअरिंगची मुले तिथून फेरिकची ढेकळे नेतात आणि हॉस्टेलवर सर्किट बोर्ड कोरतात. कोरण्याची पद्धत सोपी आहे. 250 ग्रॅम ढेकळे प्लॅस्टिकच्या ट्रेमधल्या 500 मिलिलिटर पाण्यात थोडी थोडी घालावीत, तो ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवून 40 ते 45 अंशांवर आणावा, आणि बोर्ड तांब्याची बाजू खाली करून ठेवावा म्हणजे सुटलेला गाळ त्यावर बसत नाही. ट्रे सतत हलवावा. 35 मायक्रॉन तांबे दहा-वीस मिनिटांत जाते. त्याहून जास्त ठेवले तर तांबे राखायला वर काढलेल्या शाईच्या रेषेखालूनही द्रावण आडवे खाते आणि तांब्याचे बारीक ट्रॅक तुटतात. इतक्या फेरिकमध्ये कागदावर 29 ग्रॅम तांबे विरघळते, प्रत्यक्षात निम्म्यावर आले की वेग मरतो आणि तपकिरी रंग हिरवट होतो. 10 बाय 15 सेंटिमीटरच्या बोर्डावर सगळे मिळून साडेचार ग्रॅमच तांबे असते, तेव्हा तीन-चार बोर्ड सहज निघतात.

मुले ते हिरवट द्रावण बेसिनमध्ये ओततात. तिथून ते कॅम्पसच्या एसटीपीत जाते आणि त्यातले तांबे जिवाणूंना मारते. 'फेरिकच तर आहे, एसटीपीच्या डोसिंग टाकीत घालू' ही युक्तीही कानावर येते. ती अजिबात करू नये, कारणही तेच तांबे. कॉलेजने प्रयोगशाळेत झाकणाचा एक प्लॅस्टिक कॅन ठेवावा, वापरलेले द्रावण त्यात गोळा करावे आणि 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत केंद्राकडे पाठवावे. रांजणगावला तसे केंद्र आहे.

कमोडवरच्या डागांना ब्लीच लावू नये, त्याने लोह आणखी पक्के बसते. ऑक्झॅलिक आम्लाचे 5 टक्क्यांचे द्रावण दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुतले की डाग जातात. ते विषारी असते. हातमोजे घालावेत, मुलांपासून दूर ठेवावे आणि आधी ब्लीच टाकले असेल तर दोन-तीनदा फ्लश केल्याशिवाय वापरू नये.

शेवटी कमिट्यांसाठी. देखभालीच्या करारात रसायनांचे पैसे कॅनमागे लावलेले असतील तर ठेकेदाराला डोस कमी करण्यात काही रस उरत नाही. करारात महिन्याला एक जार टेस्ट आणि पाण्याचा स्रोत बदलला की जादा एक, असे लिहून घ्यावे. वहीत रोजचे पाणी किती, फेरिक किती लिटर, डोसच्या आधीचा आणि नंतरचा पीएच एवढे चार आकडे असावेत. ज्या दिवशी डोस वाढला त्या दिवशीच्या जार टेस्टचा आकडा वहीत नसेल, तर जादा कॅनचे बिल मंजूर करू नये.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील काही इंजिनीअर व केमिस्ट
पुणे